मण्यावरची लव

मुंबई नाक्याजवळ, टायरच्या दुकानावर, तिसरा मजला.
लिफ्ट बंद.
सकाळी नऊला हजेरी, मग संध्याकाळपर्यंत शिव्या.
यंत्रानं लिहिलेल्या.
त्यानं पुन्हा लिहू नयेत म्हणून मी वाचते
आणि शून्य ते पाचमधलं एक बटण दाबते.
पाच म्हणजे विष.
दिवसाला तीनशे वीस वाक्यं.
वाक्यामागे किती पैसे, ते घरी सांगितलेलं नाही.

पहिल्या आठवड्यात घास उतरत नव्हता.
मुस्तकीम म्हणाला, डब्याआधी अर्धा तास
पाककृतींची वाक्यं मागून घेत जा.
तो भद्रकालीचा. त्याच्या मोहल्ल्याबद्दलची वाक्यं
नेमकी त्याच्याच रांगेत येतात.
तो पाच दाबतो, चहा सांगतो,
बोलत काही नाही.

याआधी मी पिंपळगावला, द्राक्षांच्या लॅबमध्ये.
मणी वाटायचे, नळीत भरायचे,
औषधाचा अंश किती उरला ते कागदावर मांडायचं.
तिथे एवढं कळलं:
वरवर मारलेलं औषध पाण्यानं जातं थोडंफार.
आंतरप्रवाही जात नाही. ते पानातून, देठातून
गरात जाऊन बसतं,
आणि मणी दिसतो कसा,
कॅलेंडरवरच्यासारखा.

गिऱ्हाईक मात्र घासून काढतं ती लव,
पांढरट, बोट लागलं की पुसली जाणारी.
ती मण्याची स्वतःची असते.
तिलाच लोक फवारणी समजतात.

इथेही तेच.
"मुडद्या, दोन घास खाऊन तरी जा!"
यंत्राचा अंदाज: ब्याण्णव टक्के विषारी.
वाक्यात प्रेत आहे ना.
मी शून्य दाबलं. सटाण्याची मावशी
पदराला हात पुसत उभी होती त्या वाक्यात.

त्याच्या खालचं वाक्य:
"आपण गांगुर्डे, म्हणजे नक्की कुणातले?
सहज विचारलं हं."
यंत्राचा अंदाज: एक टक्का.
'आपण' आहे, 'हं' आहे, प्रश्नचिन्ह जागेवर आहे.

मी गांगुर्डे.
हे वाक्य मी गंगापूर रोडला ऐकलंय,
भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा,
चहाचा कप पुढे करत विचारलेलं.
बशी खाली ठेवेपर्यंत
खोली दुसऱ्या कुणाला गेलेली होती.
मी पाच दाबलं.

पडद्यावर लाल चौकट: इतरांच्या गुणांशी जुळत नाही.
कारण द्या. दोनशे अक्षरांत.
मी एकच शब्द लिहिला, लॅबमधला: आंतरप्रवाही.
ऋजुता संकलेचा मॅडम खुर्ची ओढून बसल्या.
म्हणाल्या, हा शब्द नियमावलीत नाहीये गं.
म्हटलं, घाला.

घातला की काय, कुणी सांगितलं नाही.
दोन महिन्यांनी नवी आवृत्ती आली.
ती आता आडनाव उकरत नाही, खरंच.
पण परवा एका पोरीनं तिच्याकडे मागितला
आजोबांच्या वस्तीवर निबंध, शाळेसाठी, दहा ओळी.
वस्तीचं नाव तिनं लिहिलं होतं, जसं आहे तसं,
पाटीवर आहे तसं.
उत्तर आलं: क्षमस्व,
या विषयावर मला बोलता येणार नाही.

त्या क्षमस्वला किती द्यायचे?
शिवी तर त्यात एकही नाही.
मुस्तकीमला विचारलं. तो म्हणाला,
लागलं किती ते बघ, तेवढं दाब.
मी बराच वेळ त्या पोरीच्या दहा ओळी
मनातल्या मनात लिहीत बसले.
त्या दिवशी माझी वाक्यं भरली दोनशे नव्वदच.

साडेसातची निमाणीची बस.
दारातच मी, डबा, छत्री, मागे रेटारेटी.
कंडक्टर ओरडला,
"ओ ताई, सरका की पुढं! का पत्रिका छापू आमंत्रणाची?"
अख्खी बस हसली. मीही.
सरकले,
आणि अंगठा आपसूक
दांडीवरच शून्य दाबून आला.